दुसरीच्या बाईंचा गुरुवार

देवाने माणसांना बोलण्याची शक्ती वाटली त्या दिवशी आमच्या शाळेतल्या दुसरीच्या बाई रांगेत पहिल्या उभ्या असाव्यात, आणि आपला वाटा घेऊन झाल्यावर देवालाच गप्पांत गुंतवून मागच्या दहा-बारा जणांचाही घेऊन आल्या असाव्यात. विक्रोळी ते मुलुंड या टापूत जेवढं मराठी बोललं जातं त्यातलं निम्मं त्या एकट्या बोलत आणि उरलेलं निम्मं लोक त्यांना उत्तर म्हणून बोलत, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी 'बोलत' असं लिहिलं, 'बोलतात' असं नाही, म्हणून कोणी दचकू नये. बाई ठणठणीत आहेत, कांदिवलीला आपल्या घरी आहेत आणि तिथेही बोलतच असणार. फक्त मला आता ते ऐकू येत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. असं वाटेल हे मला कोणी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी त्याच शाळेत तिसरीला शिकवतो. स्वभावाने शिस्तीचा आहे. बायको याला खडूसपणा म्हणते. आमच्या शाळेच्या पहिल्या मजल्यावर दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये भिंत नाही, लाकडी पार्टिशन आहे. स्नेहसंमेलनाच्या वेळी ते घडी करून बाजूला सरकवलं की दोन वर्गांचा एक हॉल होतो. ही कल्पना ज्याला सुचली त्याने आयुष्यभर स्नेहसंमेलनंच पाहिली असतील, शाळा पाहिली नसेल. कारण पलीकडे नुसता खडू पडला तरी अलीकडे कळतं, आणि पलीकडे तर दुसरीच्या बाई! मी माझी जवळजवळ सगळी नोकरी त्या आवाजाच्या शेजाराने केली. मी फळ्यावर उपनगरातल्या नद्या काढत असायचो आणि पलीकडून प्रश्न यायचा, "सात आणि आठ किती रे?" माझा अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "पंधरा!" माझ्या वर्गातली मुलं म्हणजे मागच्या वर्षीची त्यांचीच मुलं. बाईंनी विचारलं की उत्तर द्यायचं, ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. मग पलीकडून शाबासकी यायची, "शाब्बास तिसरी! बघा रे, शिका काहीतरी त्यांच्याकडून." आणि माझी मिठी नदी पवईपाशीच अडून राहायची. एकदा मी फार धीर करून म्हणालो, "बाई, जरा हळू बोलता का?" त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. "अहो सर, हे हळूच आहे! मोठ्याने बोलले तर खालून मोठ्या बाई वर येतील ना." मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या खरोखरच अधूनमधून वर यायच्या.

हजेरी हा प्रकार इतर वर्गांत चहा गाळण्याइतका वेळ घेतो. बाईंच्या वर्गात तो पहिला तास संपेपर्यंत चालायचा, कारण त्यांना नुसतं 'हजर' पुरत नसे. "अथर्व, आजीचं मोतीबिंदूचं झालं का रे? पट्टी काढली? दिसायला लागलं? मग आता तुझी काही धडगत नाही. श्रावणी, शनिवारी कुठे होतीस? मामाचं लग्न? मामी कशी आहे गं? बोलते का?" सोमवारी तर रविवारचा सगळा वृत्तांत असे. कोणाच्या घरी नवा फ्रिज आला, कोणाचे बाबा रुसून गॅलरीत झोपले, कोणाच्या काकूने पोह्यांत साखर घातली म्हणून आजी जेवलीच नाही, हे सगळं पार्टिशनच्या फटींतून माझ्यापर्यंत येई. रुसलेले बाबा पुढे कधी पालकसभेला समोर येऊन बसले की मलाच उगाच चोरट्यासारखं होई. बाईंना मात्र तसलं काही नाही. त्या सरळ विचारत, "काय हो, आता आत झोपता ना?" आणि गंमत अशी की त्या बाबांना राग येत नसे. ते लाजून हसत आणि आणखी दोन गोष्टी सांगून जात. बाईंच्या पालकसभेला आलेल्या आया मुलाची प्रगती विचारायच्या विसरून सासूची तब्येत, नणंदेचं घर आणि स्वतःची गुडघेदुखी बोलून हलक्या होऊन जायच्या, आणि शेवटी शिपाईमामा येऊन पंखे बंद करायला लागायचा.

स्टाफरूममध्येही तीच कथा. बोलण्याच्या नादात त्यांचा डबा तसाच राही, आणि अन्न वाया जाऊ नये या उदात्त हेतूने आम्ही बाकीचे तो संपवत असू. त्यांच्या शेजारच्या गुजराती बेन त्यांना थेपले देत. त्या थेपल्यांची चव त्या बेनच्या घरच्यांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. शुक्रवारी त्या वजाबाकी शिकवत, आणि वजाबाकी त्या भाजलेल्या चण्यांवर शिकवत. प्रत्येकाच्या बाकावर मूठभर चणे मोजून ठेवायचे आणि हुकूम सोडायचा, "दहातले चार खा. राहिले किती?" एका वर्षी एकाने दहाच्या दहा खाल्ले आणि इमानदारीत सांगितलं, "शून्य राहिले बाई." "अरे, पण मी चार म्हटलं होतं ना?" "भूक लागली होती." बाईंनी त्याच्यापुढे आणखी मूठभर ठेवले आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "उपाशी पोराला वजाबाकी शिकवू नये, आधी बेरीज करावी." शुक्रवारी माझ्या वर्गात चण्यांचा वास दरवळत असे आणि कोणाचंही लक्ष लागत नसे, माझं धरून.

घरी त्यांचे यजमान. बँकेतून निवृत्त झालेले, शांत, पेपर वाचणारे गृहस्थ. "आमच्यात कधी भांडण झालं नाही," बाई अभिमानाने सांगत, "त्यांना मधे बोलायला जागाच मिळत नाही." कांदिवलीहून बसने येताना जोगेश्वरीला शेजारी कोणी अनोळखी बाई बसली, तर पवई येईपर्यंत तिच्या मुलीसाठी यांनी स्थळ सुचवलेलं असे. एकदा असं एक लग्न खरोखर जमलं आणि आम्हाला स्टाफरूममध्ये बुंदीचे लाडू मिळाले. नवरा-नवरी कोण हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. लाडू चांगले होते.

अशा बाईंच्या वर्गात मागच्या वर्षी समीक्षा आली.

समीक्षा आमच्याच पहिलीतून आली होती, आणि पहिलीत ती वर्षभरात एक शब्दही बोलली नव्हती. ऐकू सगळं यायचं. अक्षर असं की माझ्या तिसरीतल्या मुलांनी बघून लाजावं. डोळे चौकस. पण शाळेच्या गेटातून आत पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. वडील कांजूरमार्गच्या एका टॉवरवर वॉचमन, गाव मेहकरकडचं. आईला बोलावून विचारलं तर तिला खरंच वाटेना. "काय सांगू बाई, घरी त हे पोट्टी चूप बसतच नाही. बापाले झोपू देत नाही, इतकी बोलते. शाळेत कायले बोलत नसंल जी?"

हे ऐकल्यावर तर बाईंनी ते मनालाच लावून घेतलं. घरी बोलते आणि आपल्याशी बोलत नाही! ज्या बाईंनी सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रॅफिक हवालदाराला बोलतं केलं होतं, त्यांना सात वर्षांच्या पोरीने दाद देऊ नये? पहिले काही महिने पार्टिशनपलीकडे नुसती मोहीम चालली होती. बाई मुद्दाम फळ्यावर 'हत्ती' लिहून खाली बेडूक काढायच्या, म्हणजे ती चूक दाखवेल. बाकी वर्ग छप्पर फोडून ओरडायचा, ती गालात हसायची. बाई चष्मा कपाळावर सरकवून वर्गभर शोधायच्या, "समीक्षा, तू बघितलास का गं माझा चष्मा? तूच सांग, बाकीच्यांनी बोलायचं नाही." समीक्षा उठून पुढे यायची, स्वतःच्या कपाळावर दोनदा टिचकी मारायची आणि जागेवर जाऊन बसायची. उत्तर बरोबर, आवाज नाही. बाई गोष्ट ऐन रंगात आणून थांबवायच्या, "वाघ पुढे काय म्हणाला ते समीक्षा सांगेल." आणि वाघ बिचारा मधली सुट्टी होईपर्यंत जबडा वासून उभा राहायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी मोठ्या बाईंनी विषय काढला. त्या वाईट नव्हत्या, पण वाचनाच्या तोंडी परीक्षेत ज्या मुलीपुढे रकाना कोरा राहतो तिचं काय करायचं, असा त्यांना प्रश्न होता. "आपल्याच्याने होणार नाही हो हे. तिच्या आईवडिलांना दुसरी शाळा बघायला सांगू या, तिच्या भल्यासाठीच." बाई म्हणाल्या, "वर्ष संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही." इतकं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या वर्षअखेर बाई निवृत्त होणार होत्या. त्या दिवशी जिना उतरताना त्या मला म्हणाल्या, "सर, जन्मभर पोरांना गप्प बसा, गप्प बसा म्हणत आले. आता जायच्या आधी ही एक बोलावी असं वाटतं हो. जास्त नको. नुसतं 'बाई' अशी हाक मारली तरी पुरे. मला ती ऐकून जायचंय." त्यावर मी नुसतं म्हणालो, बोलेल हो, लहान आहे. आपण सगळे जे म्हणतो तेच.

सुट्टीनंतरची गोष्ट. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. मी वर्गात शिरलो, हजेरी घेतली, फळा पुसला, आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. घरातलं घड्याळ बंद पडलं की आधी काय झालंय ते कळत नाही, तसं. मग लक्षात आलं की पलीकडून आवाज येत नाही. माझा वर्गही अस्वस्थ झाला. "सर, बाई नाही आल्या?" "सर, बाईंना काही झालं का?" एका मुलीचा तर रडवेला चेहरा. मी पार्टिशनची एक फळी जरा सरकवून डोकावलो. अख्खा वर्ग जागेवर. बाई फळ्यापाशी उभ्या, ओठांवर बोट. त्यांनी हाताची पाच बोटं दाखवली, मग तीन, मग दोन्ही हात प्रश्नासारखे पसरले. मुलांनी आठ बोटं वर केली. कोणी हूं की चूं नाही. आणि पुढे, बाईंच्या शेजारी, वर्गाकडे तोंड करून समीक्षा उभी होती. तिने हवेत एक मोठा गोल काढला, दोन कान काढले, सोंड काढली, आणि वर्गातल्या मुलांना हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, "बाई, घसा बसलाय का?" त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'आज उपास आहे.' मी म्हटलं, उपास तर अर्ध्या स्टाफरूमचा आहे, मार्गशीर्षातला गुरुवार. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'माझा बोलण्याचा.' आणि मग शांतपणे बसून त्यांनी आपला सगळा डबा स्वतः खाल्ला. आम्ही बाकीचे एकमेकांकडे बघत राहिलो. त्या दिवशी खऱ्या अर्थाने उपास आम्हाला घडला.

शुक्रवारी त्यांनी साठवलेलं सगळं बोलून टाकलं. "अहो, सगळे बोलतात आणि ती एकटी गप्प, म्हणून ती वेगळी पडते. म्हटलं, आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनीच गप्प बसू. त्या दिवशी तरी ती पहिली येईल." मार्गशीर्ष संपला, लोकांचे गुरुवार संपले, बाईंचे सुरूच राहिले. पौष गेला, माघ गेला. मुलांनी आणि त्यांनी मिळून हातांची एक भाषाच तयार केली. बोट हनुवटीवर म्हणजे 'का'. तळहात उलटा करायचा, तव्यावरची चपाती उलटतात तसा, म्हणजे 'उद्या'. यातल्या अर्ध्या खुणा समीक्षाने काढलेल्या. गुरुवारी ती वर्गाची राणी असे, आणि बाईंचे हाल बघवत नसत. बोलणं आतल्या आत उसळायचं, चेहरा लाल व्हायचा, पण ओठ मिटलेले. त्याची भरपाई बुधवारी आणि शुक्रवारी माझ्या वर्गाला करावी लागे. मौन त्या घरी गेल्यावरही, झोपेपर्यंत पाळत. एका शुक्रवारी त्यांनी पर्समधून पेढ्यांचा पुडा काढला. "आमच्या ह्यांनी समीक्षासाठी पाठवलेत. म्हणाले, त्या मुलीला माझे आशीर्वाद सांग."

वाचनाच्या परीक्षेचीही त्यांनी अशीच वाट लावली. वेळापत्रकात ती मंगळवारी होती. बाईंनी ती गुरुवारी घेतली. मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या. बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड दिलं. मुलांनी मनात वाचायचं आणि लिहिलंय ते करून दाखवायचं. समीक्षाच्या कार्डावर बाईंनी सगळ्यांत लांब मजकूर लिहिला होता. तिने तो वाचला, खिडकीतली कुंडी उचलून टेबलावर ठेवली, फळ्यावर सूर्य काढला, मागच्या बाकावरच्या ओवीची वेणी नीट केली आणि शेवटी मोठ्या बाईंसमोर जाऊन वाकून नमस्कार केला. मोठ्या बाईंनी ते कार्ड मागून घेऊन वाचलं, चष्मा पुसला, आणि "वाचन उत्तम" असं म्हणून खाली निघून गेल्या. दुसऱ्या शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. हे सगळं मी फटीतून बघत होतो, पार्टिशनपलीकडून टाळ्या वाजवल्या. माझ्या वर्गाने कारण न विचारता साथ दिली.

पोरीचं भागलं, पण बाईंचं नाही. चैत्र आला, उन्हं तापली, निकालाचा दिवस जवळ आला, आणि समीक्षाने अजून तोंड उघडलं नव्हतं. बाई ते कोणाला दाखवत नसत, पण शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याच कोणाशी बोलता बोलता त्या मधेच थांबायच्या आणि तिच्याकडे बघायच्या. निरोपसमारंभाला आम्ही पार्टिशन घडी करून सरकवलं. सगळे बोलले. बाईंनी भाषण केलं ते अर्थातच लांबलं, आणि पहिल्यांदा कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. मग एकेक मूल येऊन पाया पडायला लागलं. "बाई, टाटा." "बाई, परत या." समीक्षाची पाळी आली तेव्हा बाई खाली वाकल्या, कान तिच्या तोंडाजवळ नेल्यासारखा केला आणि थांबल्या. मी शेजारीच उभा होतो. समीक्षाने त्यांच्याकडे बघितलं, हसली, आणि तळहात उलटा केला. उद्या. बाईंनीही हात उलटा केला. खोटं बोलण्याची पाळी त्यांच्यावर बहुधा तेवढी एकदाच आली असावी, आणि तीही न बोलता.

जूनमध्ये समीक्षा माझ्या तिसरीत आली. पलीकडे नव्या बाई आल्या होत्या. तरुण, हसऱ्या, हळू बोलणाऱ्या. अशा शेजारासाठी मी वर्षानुवर्षं देव पाण्यात घालून बसलो होतो. शाळा सुरू झाली तो सोमवार होता. मी हौसेने नकाशा टांगला, आणि माझी मिठी नदी कुठेही न अडता पहिल्याच तासाला माहीमच्या खाडीत जाऊन पोचली. मला आनंद व्हायला हवा होता. नुसतं चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं.

तेवढ्यात समीक्षाने हात वर केला. पाणी हवं असेल म्हणून मी तिच्या बाकापाशी गेलो आणि बाईंच्या गुरुवारच्या पद्धतीने बोट हनुवटीवर ठेवलं. का गं?

ती म्हणाली, "सर, आज गुरुवार आहे का?"

हे तिच्याच तोंडून आलं ना, म्हणून मी आजूबाजूच्या बाकांवर बघितलं. शेजारी बसलेल्या ओवीला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "येडी, सोमवार आहे ना आज!" मुलांना कशात विशेष वाटतच नाही. समीक्षा पार्टिशनकडे बघत होती. "मग बाई का बोलत नाहीत?"

निरोपसमारंभ, निवृत्ती, कांदिवली, असलं काही मला त्या क्षणी सांगता आलं नाही. मी म्हणालो, "त्या घरी आहेत." ती मग म्हणाली, "घरी बोलतात का?" मी म्हणालो, "हो, खूप." "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि वही उघडली. दोन वर्षं पेटी बंद होती, आणि उघडली ती या चार वाक्यांनी, माझ्यासारख्या माणसासमोर, ज्याने त्यासाठी काडी इकडची तिकडे केली नव्हती.

मधल्या सुट्टीत मी बाईंना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा माझ्या बायकोची चौकशी केली, मग पावसाची, मग नव्या बाईंची, आणि मग मी कसंबसं मधे घुसून सांगितलं. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. मी चारी वाक्यं जशीच्या तशी सांगितली. त्यांनी ती मला पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाल्या, "उद्या येते."

त्या आल्या. मधल्या सुट्टीची घंटा व्हायची होती, तरी समीक्षाने त्यांना दारात बघितलं आणि ती धावत सुटली. कमरेला मिठी मारली, आणि मग मागे सरून हातांनी बोलायला लागली. किती बोलली! गाव, शेळी, शेळीची दोन पिल्लं, आंब्याचं झाड, झाडावरून पडणं, गुडघ्याचे टाके, टाके घालताना बाबांनी डोळे मिटून घेतले ते. मला निम्मं कळत होतं, बाईंना सगळं. त्याही हातांनीच उत्तरं देत होत्या. व्हरांड्यात मुलांचा कल्ला चालला होता आणि त्या दोघी कठड्याला टेकून गप्पा मारत होत्या, आवाज न करता. सुट्टी संपेपर्यंत समीक्षाच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

मी बाईंना गेटापर्यंत सोडायला गेलो. जिन्यात म्हणालो, "मी सांगू का तिला बोलायला? माझ्यासमोर बोलते ती आता. तुम्ही आहात तोवर."

"नको हो सर. पाहुण्यांसमोर पोरांना गाणं म्हणायला लावतात, तसं होईल ते." त्या दोन पायऱ्या उतरल्या. "माझ्याशी ती आता अशीच बोलणार. सवय मीच लावली ना. मी समोर दिसले की तिचा गुरुवार सुरू होतो." आणखी दोन पायऱ्या. "म्हणून मी आता येत नाही जाणार. नुकतं कुठे बोलायला लागलंय पोर, उगाच माझ्यामुळे परत गप्प व्हायचं. तुम्ही ऐका तिचं."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जन्मभर बोलण्याचं काम त्याच करत आल्यामुळे मला त्याची सवय नव्हती. गेटपाशी त्या थांबल्या.

"सर, आवाज कसा आहे हो तिचा?"

एवढी वर्षं नुसत्या कानांवर शेजार काढलेला माणूस मी, आणि मला सांगता येईना. "घोगरा आहे जरा," मी म्हणालो. "सर्दी झाल्यासारखा. पण ठाम आहे."

"घोगरा?" त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझा दंडच धरला. "अगंबाई! मी आपली वर्षभर बारीक आवाजच धरून चालले होते. ती अशी बघत बसायची ना, तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल ते मी माझ्याशीच म्हणून बघायची. बारीक आवाजात. सगळं चुकलं की हो माझं. आता घोगऱ्या आवाजात म्हणायला पाहिजे." आणि हसत हसत डोळे पुसून त्या रस्ता ओलांडून बसस्टॉपकडे गेल्या.

मी वर आलो तर वर्ग डोक्यावर घेतलेला. मधोमध समीक्षा, आणि त्या घोगऱ्या, ठाम आवाजात तिचं चाललं होतं, "बाईंनी ना, नवीन चष्मा घेतलाय. आणि केसबी कापलेत. आणि बाईंनी मला इचारलं, शेळीचं नाव काय, तर मी म्हटलं..." एरवी मी डस्टर आपटून गप्प बसा म्हणालो असतो. मी रस्त्याकडची खिडकी होती तिथे गेलो आणि तिची दोन्ही दारं सताड उघडली. पलीकडच्या स्टॉपवर बाई कुठल्याशा अनोळखी बाईशी हातवारे करून बोलत उभ्या होत्या. मधे सगळा रस्ता होता, रिक्षांचे हॉर्न होते, आणि बाई पाठमोऱ्या होत्या.